हुकलेलं गाणं

नागावच्या वाडीत मुक्कामाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला विश्वंभरकाका सोलकढीबरोबर एक कहाणी वाढत, आणि तिच्यातली खलनायिका ठरलेली असे: त्यांची बायको, कुमुदकाकू. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दोघं मुंबईला 'कॉपर मून' या रॉक बँडच्या कार्यक्रमाला गेली होती. शेवटचं गाणं तेवढं राहिलं आणि काकू उठल्या. मांडव्याची शेवटची लाँच चुकली असती तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. "गाणं हुकलं ते हुकलंच! आणि लाँचवर वारा असा, की ही माझा हात घट्ट धरून बसलेली!" पाहुणे हसत, काकूही हसत. पण आत कुठेतरी त्यांना ते लागत असे. नवऱ्याची एवढी एकच हौस, तीही आपण पुरती होऊ दिली नाही.

आता बँडने आपले सगळे जुने कार्यक्रम नेटवर फुकट ऐकायला ठेवले होते. पुतणी मैथिलीने ते काकांच्या मोबाईलवर लावून दिले, तेव्हापासून पोफळींना पाणी लावतानाही गिटार चालू. काकूंना त्या धांगडधिंग्यातलं काही कळत नसे, पण काकांचा पाय ताल धरी, ते मात्र आवडे. फक्त तो एक कार्यक्रम काका लावत नव्हते. "ऐकू सवडीने," म्हणत.

एकदा काका मोबाईल विसरून अलिबागला गेले. काकूंनी धीर करून तोच कार्यक्रम लावला. टाळ्या, शिट्ट्या, आणि मग ती उठण्याची वेळ. त्यांनी मोबाईल कानाशी धरला. गायक घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मंडळी, घसा पार बसलाय. शेवटचं गाणं पुढच्या वेळी."

म्हणजे ते गाणं झालंच नव्हतं! काकूंना आधी हसू फुटलं, मग रडू. आज सगळ्यांसमोर काकांचं पितळ उघडं पाडायचंच, असं ठरवून त्या नारळ खवायला बसल्या.

संध्याकाळी काकांनी कहाणी सुरू केली. लाँचपाशी आले आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की काकूंनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"मग आता ऐका की ते गाणं, काका!" एक पाहुणा म्हणाला. "फुकटच तर आहे."

काका गडबडले. "छे, त्या दिवसाचं रेकॉर्डिंग शेवटी खराब झालंय. काही ऐकू येत नाही."

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. काका सोलकढीच्या वाटीत बघत राहिले.

पाहुणे समुद्रावर गेल्यावर काकूंनी विचारलं, "कधी ऐकलंत?"

"मैथिलीने दिलं त्याच दिवशी."

"आणि मला बोलला नाहीत?"

"गाणं हुकलंच नाही म्हटल्यावर लाँचची गोष्ट कोणाला आणि कशी सांगू?"

काकूंचे डोळे भरून आले. पदराने ते पुसत त्या म्हणाल्या, "मग उद्यापासून नीट सांगत जा. मी नुसती उठले नव्हते, तुम्हाला दंडाला धरून ओढत नेलं होतं."