जळलेला दगड

"मावशी, घासा जोरात! हातात जीव नाही का?" सुपरवायझर डोक्यावर उभा राहून ओरडत होता.

मी ब्रश खाली टाकला. "घासून निघायला हा डाग आहे का? दगडच जळलाय. सकाळी सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतंच. एकदा नाही, तीनदा. एकोणीस वर्षं या हॉस्पिटलच्या दारातला संगमरवर मी पुसतेय. साधं पाणी, चमचाभर सौम्य साबण, वर कोरडं फडकं. कुणाच्या हातून लिंबाचं सरबत सांडलं तरी मी धावत जायचे. आणि दोन महिन्यांपूर्वी आलेला हा दीडशहाणा संडासातलं अ‍ॅसिड माझ्या हातात देतो! "तिथल्या टाइल्स कशा लखलखतात बघा. मालक अकराला येणार आहेत. ओता."

"संगमरवराला अ‍ॅसिड चालत नाही हो, साहेब."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

आणि मी ओतलं. त्या माणसाचा राग येतोच, पण जिवाला लागतं ते हे. फस्सकन फेस आला. पुसलं तर लिफ्टच्या समोरच परातीएवढा पांढराफटक, खडबडीत चट्टा.

मॅनेजरबाईंनी वर बोलावलं तेव्हा कागद तयार होता. माझ्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, म्हणे. सही केली की काम गेलं, वर शिक्का बसला तो वेगळाच.

"मी नकोच म्हणत होतो यांना," सुपरवायझर म्हणाला. तोंड वर करून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाई, ओतलं मीच. माहीत असून ओतलं, ती माझी चूक. पण ओता म्हणाले हे. दोन्ही लिहा, आत्ता सही करते."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्यांना काय ते कळलं, आणि तरीही त्यांनी पेन माझ्याकडेच सरकवलं. "मावशी, उगाच वाढवू नका."

"खोट्यावर माझी सही मिळणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

"नाही येत."

खाली आले तर चट्टा झाकायला त्यावर 'फरशी ओली आहे'चा पिवळा फलक आडवा टाकलेला. फरशी ठणठणीत कोरडी होती. दारात मालकांची गाडी येऊन थांबत होती.

मी फलक उचलला, भिंतीला नीट टेकवून ठेवला आणि मालकांच्या समोरून बाहेर पडले.