मीटरवरची माय

लग्नाला आठ वर्षं झाली, तरी प्रेरणा आपल्या भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, एक शब्द बोलली नव्हती. सासूबाई रुक्माबाईंच्या घरची रीतच तशी. भासरा अंगणात आला की धाकट्या सुनेनं पदर सावरून बाजूला व्हायचं, आणि काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायचं. भिंत जवळ नसेल तर नवऱ्याला. दिग्रसच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासणारी, डॉक्टरलासुद्धा "हा रिपोर्ट चुकला आहे" असं तोंडावर सांगणारी ही बाई घरात पाऊल टाकलं की बबनरावांसमोर मुकी होई. त्यांना काय हाक मारायची, हेही तिला कधी ठरवावं लागलं नव्हतं.

बबनरावांना हे मुकेपण फार सोयीचं पडे. मागच्या दसऱ्याला त्यांनी स्वतःसाठी नवी कोरी गाडी घेतली आणि जुनी, सात सीटची, धाकट्या भावाच्या, कपिलच्या, गळ्यात मारली. बाप लवकर गेलेला, त्यामुळे कपिलला दादा म्हणजेच बाप. दादानं चाबी दिली, कपिलनं नारळ फोडला. कागद मात्र दादाच्याच नावावर राहिले. "नावाचं काय घेऊन बसला बे? घरातलीच गाडी हाय," असं दादा म्हणाला, आणि बापाला उलट विचारायची कपिलची छाती नव्हती.

चाबी देताना बबनरावांनी आणखी एक गोष्ट केली. माहूरहून आणलेला रेणुकामायचा रुपयाएवढा स्टिकर त्यांनी स्वतःच्या हातानं स्टिअरिंगमागच्या मीटरच्या काचेवर चिकटवला, डाव्या कोपऱ्यात. रुक्माबाईंनी त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. सगळ्यांनी हात जोडले, प्रेरणानंही जोडले.

गाडीनं महिनाभरात आपले गुण दाखवायला सुरुवात केली. डावीकडची काच हातानं ओढल्याशिवाय वर जाईना. एसी लावला की मेलेल्या उंदराचा वास. मागचं दार आपटल्याशिवाय लागत नसे आणि जरा जास्त आपटलं की उघडत नसे. प्रेरणा तक्रार कपिलला सांगे, कपिल दादाला सांगे, आणि उत्तर त्याच वाटेनं परत येई: "माह्या हाती आठ वर्षं घोड्यावानी पयाली. गाडी खराब नसते, चालवणारा खराब असते." प्रेरणाच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण भिंतीशी भांडून कोणाचं भलं झालंय?

मग ब्रेकची पाळी आली. आर्णीच्या रस्त्यावर कापसाची ट्रॉली अचानक आडवी आली. कपिलनं पाय दाबला तर पेडल सरळ खाली गेलं, काही लागलंच नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर कुठं गाडी थांबली, ट्रॉलीपासून हातभर अंतरावर. मागच्या सीटवर प्रेरणाच्या मांडीत सोनू होता. सहा वर्षांच्या औषधपाण्यानंतर झालेलं पोर. दीड वर्षाचा झाला तरी त्याचं जावळ काढलं नव्हतं, कारण नवस माहूरचा होता आणि जावळ तिथंच उतरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कपिलला घेऊन जब्बार मिस्त्रीच्या गॅरेजवर गेली. जब्बारनं बोनेट उघडलं, खाली शिरला, अर्ध्या तासानं हात पुसत बाहेर आला.

"ब्रेक ऑइल गळून राह्यलं, भाभी. पाइपातूनच. आन् हे माहं-तुमचं काम नाही, कंपनीचीच खोट हाय. याच मॉडेलच्या तीन गाड्या पाह्यल्या मी या साली. कंपनीनं परत बोलावल्या, पाइप फुकट बदलून देते. तुमाले चिठ्ठी आली असन ना?"

"चिठ्ठी? आमाले कायची चिठ्ठी?" कपिल म्हणाला.

"गाडी ज्याच्या नावावर, त्याच्या घरी येते."

मग जब्बार ड्रायव्हरच्या सीटवर बसला, चाबी फिरवली आणि मीटरकडे पाहत राहिला. "ऑइल येवढं कमी झालं म्हणजे लाल लाइट लागाले पाह्यजे. तुमाले दिसली नाही का कधी?"

"नाही."

"दिसन कशी? लाइट या कोपऱ्यात असते," त्यानं बोट स्टिकरजवळ नेलं आणि तिथंच थांबवलं. "इथं तुमची माय बसली हाय. मी मुसलमान माणूस, तुमच्या देवीले हात लावून कायले झगडा विकत घेऊ? तुम्हीच काढून पाहा."

प्रेरणानं हात पुढे केला तर कपिलनं मनगट धरलं. "नको ना. दादानं लावली हाय. आधी सोनूचं जावळ होऊ दे."

जब्बारनं ऑइल भरून दिलं. वर बजावलं, की आठ-दहा दिवसांत ते पुन्हा खाली जाईल, पाइप बदलल्याशिवाय घाटात गाडी नेऊ नका. माहूरला जायला आठच दिवस राहिले होते.

त्या संध्याकाळी कपिल दादाच्या दारात गेला. दोघा भावांची घरं एकाच अंगणात, समोरासमोर. प्रेरणा आपल्या दाराआड उभी राहून ऐकत होती. कपिलनं चिठ्ठीचं नाव काढलं मात्र, बबनराव खाटेवरून उठलेच.

"कोणती चिठ्ठी? माह्या घरी काही चिठ्ठी आली नाही! मी तुह्यापासून चिठ्ठ्या लपवून राह्यलो का? लहानाचा मोठा केला तुले, आन् आज त्या मिस्त्र्याच्या भरोशावर मले चोर ठरवतं?"

"तसं नाही दादा..."

"मंग कसं? मीटरवर साक्षात माय बसवून देल्ली. तुह्या बायकोचा मायवरही भरोसा नाही का?"

खाई त्याला खवखवे, असं प्रेरणाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते ओठांवरच राहिलं. रुक्माबाई माजघरातून म्हणाल्या, "पुरे आता. देवीच्या कामात खोडा नका घालू." कपिल मान खाली घालून परत आला आणि जेवायला बसला. प्रेरणाला त्या वेळी बबनरावांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या जावेनं, विमलताईंनी, तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा पाठवला. घेऊन आली त्यांची मुलगी वैष्णवी. नववीत होती, आणि सोनूवर तिचा भारी जीव. "काकू, उद्या मी सोनूजवळ बसणार," असं सांगून ती पळाली. विमलताई वीस वर्षांत नवऱ्यासमोर मोठ्यानं बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यांचं जे काही बोलणं असे ते पोळीभाजीतून.

प्रेरणानं पुऱ्या दुसऱ्या डब्यात काढायला घेतल्या. तळाशी कागद होता, जाडसर, चार घड्यांचा, तेलानं भिजलेला. ती फेकणारच होती. पण दिवसभर कागद वाचायची सवय, तिनं घडी उघडली. वर बबनरावांचं नाव, पत्ता, त्याखाली गाडीचा नंबर. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, की आपल्या गाडीच्या ब्रेकच्या पाइपात दोष आढळला आहे, ब्रेक अचानक निकामी होऊ शकतो, गाडी ताबडतोब जवळच्या शोरूममध्ये आणावी, दुरुस्ती विनामूल्य करून मिळेल. हे दुसरं स्मरणपत्र होतं. तारीख होती श्रावणातली. म्हणजे दसऱ्याच्या दोन महिने आधीची.

तिनं तारीख तीनदा वाचली. म्हणजे माणसानं आधी चिठ्ठी वाचली, मग गाडी भावाला दिली, आणि मग लाल दिवा दिसू नये म्हणून त्यावर देवी आणून बसवली. नुसती पट्टी चिकटवली असती तर कोणीतरी उचकटली असती. देवीला कोण हात लावणार, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तिनं कागद कपिलच्या हातात दिला.

कपिलनं कागद वाचला आणि घडी घालून तिला परत दिला. म्हणाला, "सकाळी बोलतो मी दादाशी."

"सकाळी म्हणजे कधी? घाट उतरताना?"

सकाळी अंगणात दोन्ही गाड्या उभ्या होत्या. नव्या गाडीचं इंजिन सुरू होतं, आत रुक्माबाई पुढच्या सीटवर बसलेल्या, मागे विमलताई. कपिल दादाजवळ गेला. "दादा, मी काय म्हणतो..."

"काय?"

"काही नाही. हवा पाहून घेतो जरा." आणि तो खरंच जुन्या गाडीच्या चाकाजवळ जाऊन बसला.

वैष्णवी तोवर जुन्या गाडीचं दार उघडत होती. बबनराव ओरडले, "तू तिकडं कायले? आपल्या गाडीत बस."

"मले सोनूजवळ बसू द्या ना बाबा."

"सांगतलं ना एकदा! आपल्या गाडीत."

प्रेरणानं ते ऐकलं आणि आठ वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. सोनूला कडेवर घेऊन ती अंगणाच्या मधोमध आली, भासऱ्याच्या समोर उभी राहिली. हाक काय मारायची हा प्रश्न आता आला, तर तोंडात नवऱ्याचाच शब्द आला.

"दादा, बसू द्या तिले आमच्या गाडीत."

बबनराव तिच्याकडे न पाहता कपिलकडे वळले. "कपिल, तुह्या बायकोले सांग, मोठ्या माणसासमोर तोंड..."

"मले सांगा. मी इथंच उभी आहो," प्रेरणा म्हणाली. "गाडी घोड्यावानी पयते म्हणता, मीटरवर माय बसवली म्हणता. मंग पोरीले दोन घंटे बसू द्याले काय होते?"

वैष्णवीला वाटलं काकूनं आपली बाजू घेतली. ती खुशीत आत चढली आणि तिनं दार आपटून लावून घेतलं.

"उतर!" बबनराव धावले, दाराला हिसके देऊ लागले. जास्त आपटलेलं ते दार नेहमीप्रमाणे अडकून बसलं होतं. "उतर पहिले तिथून! मरतं काय त्या गाडीत?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना तो ऐकू आला. दाराच्या मुठीवरचा हात तसाच राहिला. कपिल चाकाजवळून उठून उभा झाला.

नव्या गाडीतून रुक्माबाई हळूहळू खाली उतरल्या. प्रेरणाला वाटलं, आता आपल्याला ऐकवतील, भासऱ्याशी तोंड उघडलं म्हणून. पण त्या तिच्याकडे वळल्याच नाहीत.

"बबन, काय म्हणलं तू? तुही पोरगी बसली त मरते. आन् माहा सोनू बसला त चालते?"

"तसं नाही माय, मी आपलं बोलण्याच्या ओघात..."

प्रेरणानं सोनूला सासूच्या कडेवर दिलं, जुन्या गाडीत बसून चाबी अर्धी फिरवली, वैष्णवीला आपल्या बाजूनं उतरवलं. मग "माय, माफ कर," म्हणून स्टिकरला हात लावून कपाळाला लावला आणि नखानं तो उचकटला. खाली लाल दिवा होता. आठ दिवसांत ऑइल पुन्हा उतरलं होतं, जब्बार म्हणाला होता तसं. रुक्माबाईंनी खिडकीतून वाकून तो दिवा पाहिला. कुंकू लावलं होतं ते नेमकं त्याच जागी.

"हे कंपनीचं पत्र," प्रेरणानं तेलकट कागद सासूसमोर धरला. "श्रावणातलं. तुमच्या मोठ्या लेकाच्या नावाचं."

"ते कुठून आलं तुह्यापाशी?" बबनराव किंचाळले.

उत्तर नव्या गाडीतून आलं. "मी मुद्दाम टाकलं डब्यात," विमलताई म्हणाल्या. "पुऱ्याइले खाली कागद लागत नाही. मी बिना पाह्यता कागद घेत नाही कधी."

बबनरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू घरात कोणी परका माणूस शिरला आहे. मग राग काढायला त्यांना पुन्हा तीच जागा सापडली. ते प्रेरणासमोर आले आणि हात पुढे केला. "आण तो कागद इकडे. माह्या नावाचा हाय."

"हो, नाव तुमचंच हाय. चिठ्ठी तुमची, गाडीही तुमची. टोचन लावा आन् ओढत यवतमाळले शोरूमवर घेऊन जा. चालवत नका नेऊ, ब्रेक नाही तिले." जुन्या गाडीची चाबी तिनं काढलीच नव्हती, ती तशीच अर्धी फिरवलेली होती. "कागद माह्यापाशी राहीन. हे घ्या तुमचं."

आणि ज्याची सावलीही अंगावर पडू द्यायची नाही असं सासूनं आठ वर्षं शिकवलं होतं, त्या भासऱ्याच्या उघड्या तळहातावर तिनं तो स्टिकर अंगठ्यानं दाबून चिकटवला.

कपिलनं कोणाला काही विचारलं नाही. तो सरळ नव्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. रुक्माबाई सोनूला घेऊन पुढे, बायका मागे. वैष्णवीनं दार लावताना बापाकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा बबनराव अंगणातच उभे होते. तळहात झटकत होते, पण स्टिकर काही पडत नव्हता. नखानं काढला तर बोटाला चिकटला. चुरगळावा म्हटलं तर देवी, फेकावा म्हटलं तर देवी. ते हात तसाच पुढे धरून उभे राहिले, आणि मागे त्या गाडीच्या मीटरवर लाल दिवा लागलेलाच होता.