दोघींत वाटलेलं औषध

हिरवट थरावर रव्यासारखे दाणे उठलेले पाहून त्र्यंबकचा हात नळीवरच थिजला.

ठाण्याच्या एका क्षयरोग प्रयोगशाळेत तो जंतू वाढवायचं काम करी. रोग्याच्या थुंकीतले जंतू औषध घातलेल्या नळ्यांत सोडायचे आणि कुठल्या औषधाला ते दाद देत नाहीत ते पाहायचं. साल १९५५. क्षयावर नवी औषधं हाती आली होती, पण एकच औषध दिलं की जंतू त्याला सरावत. म्हणून दोन औषधं, बारीक गोळ्या आणि कडू पूड, एकदमच द्यायची. नव्या उपचाराचं सगळं इंगित त्या जोडीतच होतं.

आणि पूड घातलेली असूनही जंतूंचे दाणे धरलेली ही नळी त्याच्या बायकोची, मंदाकिनीची होती.

"जंतू पुडीला भीक घालत नाहीत," शेजारून अण्णा म्हणाले. ते प्रयोगशाळेतले जुने जाणते. "आणि ही गोळीची नळी बघ, लख्ख, एक दाणा नाही! पोटात गोळ्या गेल्या असत्या तर हे जंतू जगलेच नसते. अरे, वहिनी गोळ्या कोंबड्यांना घालतात की काय?"

"आमच्याकडे कोंबड्या नाहीत," त्र्यंबक म्हणाला. थट्टा त्याच्या डोक्यात शिरलीच नव्हती.

डोंबिवलीला तो घरी पोचला तेव्हा मंदाकिनी तांदूळ निवडत होती. शेजारी त्याची धाकटी बहीण सरोज रुखवताचं तोरण ओवत बसली होती. तिचं लग्न कल्याणला ठरलं होतं.

"मंदा, गोळ्या घेतेस ना?"

"घेते की." ती वर पाहीना.

सरोज उठून आत निघाली आणि उंबऱ्यातच तिला खोकल्याची उबळ आली. तो खोकला त्र्यंबक प्रयोगशाळेशेजारच्या दवाखान्याच्या बाकांवर रोज ऐकत होता.

"माझ्यामुळेच लागण झाली हो तिला," मंदाकिनी म्हणाली. "लग्न ठरलेलं, बोभाटा झाला असता. औषधं दोन होती. पुडीनं तिला उलट्या होतात, म्हणून गोळ्या तिला दिल्या, पूड मी घेतली. घरात दोघी आजारी, आणि मी एकटीनं दोन-दोन औषधं खायची? घशाखाली उतरली असती का?"

बाकांवरच्या परक्या माणसांना त्र्यंबक घसा कोरडा होईस्तोवर सांगे, दोन्ही एकदम घ्या. घरी मात्र पाकिटं फळीवर ठेवून मोकळा झाला होता.

"म्हणजे तुझ्या जंतूंवर पूड चालायची नाही," तो पुटपुटला, "आणि हिच्या जंतूंवर बहुतेक गोळी."

"मग अदलाबदल करू की, दादा," सरोज म्हणाली.

"नको!" तो एवढ्यानं ओरडला की मंदाकिनीच्या हातातलं सूप हललं. "पुन्हा एकेकटंच औषध पडेल, उरलंसुरलंही हातचं जाईल. आता जोडीला तिसऱ्या औषधाच्या सुया लागतील, दोघींना. उद्या ठाण्याला चला. सरोज, आधी तुझी थुंकी तपासतो."

"आणि कल्याणला काय सांगणार?" सरोजनं विचारलं.

"आजारी आहेस म्हणून."

"लग्न मोडतील ते."

"मोडोत. मीच जातो सांगायला. आत्ताच."

सरोज तोरण हातात घेऊन नुसती उभी राहिली. मंदाकिनीनं विचारलं, "अहो, सुयांनी आम्ही बऱ्या होऊ ना?"

"माहीत नाही गं," तो म्हणाला. चपलांत पाय घालताना डावी कुठली, उजवी कुठली, तेच त्याला कळेना.