डाव्या स्पीकरनं ऐकलेला वाद

मी डावीकडचा स्पीकर बोलतोय. बोलणं हाच माझा धंदा, पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. आज पहिल्यांदाच मनातलं बोलतो.

माझी पेटी एका सुतारानं केली. आतला कागदी पडदा रेडिओच्या दुकानात बसवला. उजवीकडचा माझा जुळा भाऊ. आम्हा दोघांना दादांनी घरी आणलं, तेव्हा त्यांचं चष्म्याचं दुकान नुकतंच रांगेला लागलं होतं. त्यांनी आमच्यावरून फडकं फिरवलं, हात धुतले आणि एक तबकडी लावली. वादळात सापडलेल्या बोटीवरचा एक जुना चित्रपट होता, त्याचं पार्श्वसंगीत.

गंमत म्हणजे तो चित्रपट दादांनी लहानपणी पाहिलाच नव्हता. त्यांचे वडील थिएटरच्या दारावर तिकिटं फाडायचे. शाळा सुटली की दादा आणि धाकटी बहीण बेबी बंद दाराबाहेरच्या बाकावर बसायची आणि आतून झिरपणारं संगीत ऐकायची. दोघांची त्या संगीताशी पोटभर ओळख झाली ती अशी, भिंतीपलीकडून.

बेबी टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाली, साठी उलटली, पण दादांच्या तोंडी अजून बेबीच. दर रविवारी सकाळी ती येते. दादांच्याच वेडातले आणखी चार-पाच जण येतात, त्यांत भूगोलाचे एक सर आहेत. चहा होतो, तबकडी लागते, आणि मग जो तो आपल्याच घरचं कार्य असल्यासारखा त्या संगीतावर बोलतो.

सगळं छान चाललं होतं. मग नवी तबकडी आली. मूळ टेपा खराब झाल्या होत्या, म्हणून कुणीतरी मोठा वाद्यवृंद बसवून ते संगीत पहिल्यापासून पुन्हा वाजवून घेतलं होतं. ती आणली बेबीनंच.

खोलीत दोन तट पडले. सर म्हणाले, नव्यात प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. दादा म्हणाले, सुटंच तर येतं, एकत्र कुठे येतं? जुन्यात वादक घाबरलेले वाटतात, नव्यात बोट बुडतेय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. बेबी शांतपणे म्हणाली की तिला कुणीतरी ते थिएटरचं दार उघडून दिल्यासारखं वाटलं. दादांना ते लागलं. दाराबाहेरचा तो बाक त्यांना फार प्रिय होता.

पुढे वाद चिघळला. नवं आवडणाऱ्यांनी आधी कान तपासून घ्यावेत, असं दादा दर रविवारी म्हणू लागले. सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं बेबी हसायची. पण ती आता माझ्या अगदी शेजारची खुर्ची धरायची, आणि संगीत चालू असताना तिचा तळहात माझ्या पेटीवर असायचा. मला ते आवडायचं. का ठेवते, याचा मी विचार केला नाही.

एका रविवारी दादांनी परीक्षाच घ्यायची ठरवली. तबकडीच्या मशीनवर टॉवेल टाकला. कोणती तबकडी आहे ते सांगणार नाही, ज्यानं त्यानं ओळखायचं. पहिली लावली ती जुनी. तिची सुरुवात बासरीनं होते, वर, अगदी बारीक, खरखरीच्या आडून. मी ती बासरी जिवापाड जपून वाजवत होतो. खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

बेबीनं वर पाहिलं आणि विचारलं, "दादा, लावलीस का रे?"

मंडळींत हशा पिकला. जुन्या तबकडीला काय टोला हाणलाय, म्हणून सरांनी टाळी दिली. दादा हसले नाहीत. ते बहिणीच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी सुई उचलली, चहाचं निमित्त केलं आणि सगळ्यांना लवकर वाटेला लावलं.

"कधीपासून?" त्यांनी समोर बसून, सावकाश विचारलं.

दोन वर्षं झाली, असं ती म्हणाली. आधी बारीक सूर गेले. जुन्या तबकडीतलं अर्धंअधिक आता तिच्यापर्यंत पोचत नाही, नवीतलं पोचतं. कानाचं मशीन पर्समध्ये आहे, पण इथे येताना काढून ठेवते.

 जन्मभर दादांनी लोकांना समजावलं की चष्मा लावण्यात लाज कसली, आणि सख्खी बहीण त्यांच्याच घरात मशीन लपवत होती.

"लाज नाही रे," बेबी म्हणाली. "मशीन दिसलं असतं तर तुम्ही सगळे म्हणाला असता, हिचं मत धरू नका, हिला ऐकूच येत नाही. मला नवं खरंच आवडतं, दादा. ऐकू येतं म्हणून आवडतं, हे कारण काय कमी आहे?"

दादांनी टॉवेल काढला, नवी तबकडी लावली आणि आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावली. आम्ही दोघे भाऊ वाजलो. बेबीनं पर्समधून मशीन काढून कानाला लावलं. तबकडीची पहिली बाजू संपली.

"आता आवडलं म्हणशील," ती म्हणाली, "माझ्याकडे बघून."

दादांनी डोळे पुसले. "नाही. बासरीवाला पेंगतोय."

बेबी हसली, पूर्वी हसायची तशी मोठ्यानं नव्हे. तसंच म्हणत राहा, म्हणाली, नाहीतर मी यायची नाही.

कान तपासण्याचा विनोद त्यानंतर कुणी ऐकला नाही. बेबी मशीन लावूनच येते, आणि जुनी तबकडी लागली की विचारते, ही खरखर इतकी होती आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?

मी आता थकलोय. माझ्या पडद्याची कड फाटली आहे, खर्जातल्या सुरांना फडफडतो. नवा पडदा घाला, असं बेबीचं म्हणणं. आवाज बदलेल, हात लावायचा नाही, असं दादांचं. सर कधी इकडे, कधी तिकडे. माझं मत कुणी विचारलेलं नाही. विचारलंत तर एवढंच सांगेन: माझं काय हवं ते करा, पण रविवारी उघडू नका. रविवारी मला काम असतं.