बंद ठेवलेला कूलर

२०२४ सालची गोष्ट. मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या वर. वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यात तानबाजी सकाळी दहाला चहा पितापिता गेले.

सुलोचनाबाईंनी नवऱ्याच्या पापण्या मिटल्या, त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले, डोक्याखाली दोन उशा दिल्या आणि उठून कूलर बंद केला. मग पंखा. रडायला त्या त्यानंतर बसल्या.

तो कूलर तानबाजींनी नव्वद साली आर्वीहून बैलबंडीत आणला होता. तेव्हा उन्हाळ्यात अर्धी आळी त्याच्यापुढे झोपायला यायची. धाकटे दीर नत्थूजी तर भावाला चिकटूनच झोपत. तेच आता धावत आले.

"वहिनी, लाईन गेली का?"

"लाईन हाय. मीच बंद केला. डोळे सुकतात. वर्ध्याहून नेत्रपेढीची गाडी निघाली हाय, तोवर वारा नाई."

नत्थूजींनी बटण दाबलं. सुलोचनाबाईंनी बंद केलं. असं तीनदा झालं.

कारण होतं नात सुरभी. तिची बुबुळं पातळ होत होत शंकूसारखी पुढे आली होती. कॉलेजात फळ्यावरची एक ओळ तिला तीन-तीन दिसायची, कुठलाच चष्मा चालेना. २०२१ मध्ये तिचा नंबर लागला. पोरीला उपाशी ठेवलं, हिरवा झगा घातला आणि तशीच परत पाठवली, कारण मिळालेलं बुबुळ सुकलेलं निघालं. कुणाच्या तरी घरी मयताच्या तोंडावर तासन्‌तास पंखा फिरत राहिला होता. त्या न पाहिलेल्या घराला सुलोचनाबाईंनी अकरा महिने शिव्या दिल्या. मग दुसरं बुबुळ मिळालं. लेसरनं त्याच्या आणि तिच्या बुबुळाच्या कडा अशा कापल्या की डब्यावर झाकण बसावं तशी चकती बसली. सुरभीनं आजोबांच्या पांढऱ्या भुवईत एक काळा केस शोधून काढला, त्याच आठवड्यात तानबाजींनी नेत्रदानाचा फॉर्म भरला.

"माय वं!" नत्थूजींची बायको अनुसयाबाई कडाडली. "मेल्यावर माणसाले भट्टीत ठेवलं! लोकं थुंकतीन ना जाऊबाई!"

"थुंकू दे. तेवढाच सडा पडन अंगणात."

"बारा वाजता उचलू," नत्थूजी म्हणाले. "उन्हात थांबता येत नाई."

"आधी मले उचला!" सुलोचनाबाई बटणाला पाठ लावून बसल्या.

नत्थूजी भावाच्या उशाशी बसून घडी केलेल्या पेपरानं वारा घालू लागले. सुलोचनाबाईंनी पेपर हिसकला, तो टरकन फाटला.

"त्याच्या कपाळावरचा घाम दिसत नाई का तुले?" नत्थूजी ओरडले. वहिनीला ते आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत बोलले.

"मेलेल्या माणसाले घाम येत नाई, भाऊजी. कापसाचं पाणी हाय ते."

"मले दिसते ना!" म्हणत ते लेकरासारखे रडू लागले.

तेव्हा सुलोचनाबाईंना ते न पाहिलेलं घर दिसलं. तिथंही असाच कुणी भाऊ उशाशी बसला असेल. त्यामुळं त्यांचा राग कमी झाला नाही, उलट भडकलाच. इतकी माया करता, मग पंखा चालतो का, हे कुणाला विचारत का नाही?

"पायाकडं बसा," त्यांनी फाटका पेपर परत दिला. "तिथं घाला काय वारा घालाचा तो."

नत्थूजी पायांना वारा घालत राहिले. साडेबाराला गाडी आली. सोबत पिपरी मेघेहून सुलोचनाबाईंचा मुलगा धनंजय आणि त्याची लेक सुरभी होते. वीस मिनिटांत काम आटोपलं. तपासणारा म्हणाला, "दोन्ही चांगले आहेत."

पुढं कळलं की तानबाजींचे डोळे दोघांना बसले. पेढीवाले नावं सांगत नाहीत. सुरभीच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. ती केळझरच्या शाळेत शिकवते आणि डोळा चोळला की अजून आजीची चापट खाते. धनंजय महिन्यातून एकदा रोहण्याला येतो, काकाकडे आधी जातो. अनुसयाबाई प्रत्येक लग्नात ही हकीकत तिखटमीठ लावून सांगते. नत्थूजी तेरवीला जेवले नाहीत, आजही वहिनीशी बोलत नाहीत.

सुलोचनाबाई गावात कुणी गेलं की न बोलावता पोचतात, पंखा बंद करतात आणि डोळ्यांचं विचारतात. काही घरांतून त्यांना दारातूनच वाटेला लावतात. मग ओट्याखाली उभ्या राहून त्या जे बोलतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही.