मोडलेल्या घडीचं लुगडं

मी एक जुनं लुगडं आहे. मोतिया रंगाचं, नऊवारी, हिरव्या काठाचं. मित्रांनो, गोड बोलायची माझी सवय कधीच सुटली आहे, तेव्हा ऐकायचं तर असंच ऐका.

माधवनगरच्या मागावर माझा जन्म झाला. लढाईचे दिवस होते, कापड कंट्रोलवर होतं. साताऱ्याच्या नारायणरावांनी दोन तास रांगेत उभं राहून मला घरी आणलं. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. कोणत्या नातेवाइकाला काय द्यायचं ते ठरवायला घरातली तिघं बसली: नारायणराव, त्यांची आई आणि बायको प्रमोदिनीबाई. मामांना उपरणं, मावशीला खण, हे पटकन ठरलं. माझ्यावरून मात्र तासभर बोलाचाली झाली. शेवटी आईंनी मला सांगलीच्या लेकीसाठी, चारुशीलेसाठी बाजूला काढलं. गेल्या भाऊबीजेला नुसता खण गेला म्हणून सासूने तिला वर्षभर टोमणे मारले होते. यंदा तरी लेकीची मान वर राहावी, एवढंच आईंचं म्हणणं होतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आणि चारच दिवसांनी प्रमोदिनीबाई मला नेसून शेजारच्या डोहाळजेवणाला गेल्या. एकदा नेसल्याने काय झिजणार आहे, म्हणे! अहो, नव्या लुगड्याची घडी कोणी मोडायची, हे जिचं लुगडं ती ठरवते. जिवाभावाच्या बाईला ती हौसेने आधी नेसायला देते. इथे चारुशीलेला विचारतंय कोण? घरी आल्यावर माझ्या पदराला हळदीचा डाग होता. नारायणरावांनी तो पाहिला आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. आई म्हणाल्या, आता दुसरं कुठून आणणार? मग मला घडी घालून गादीखाली दाबलं. मेली तिघंही सारखीच!

भाऊबीजेला सांगलीत ओवाळून झालं. नारायणरावांनी मला तबकात ठेवलं. सासूने सगळ्यांदेखत मला उलगडलं, निऱ्यांच्या चुण्यांवरून बोट फिरवलं, पदर उजेडात धरला.

"सूनबाई, माहेरून नेसून उतरवलेलं आलंय."

चारुशीलेने डाग पाहिला. मग भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

"मीच वहिनीला पत्र लिहिलं होतं," ती म्हणाली, "माझ्या लुगड्याची घडी तू मोड म्हणून."

सासूने मला पुन्हा तबकात टाकलं. आणि नारायणराव? त्यांनी आणखी एक करंजी उचलली. त्यांना मी आजतागायत माफ केलेलं नाही.

ते निघाले तेव्हा चारुशीला मला हातावर घेऊन दारापर्यंत गेली. हळूच म्हणाली, "दादा, आईला सांग, चारू खूश आहे. तू मात्र पुढच्या भाऊबीजेला येऊ नकोस."

ती मला कधी नेसली नाही, तिने मला कोणाला दिलंही नाही. मी तिच्या पेटीच्या तळाशी आहे. मित्रांनो, एखादी वस्तू कोणाच्या नावाने बाजूला काढलीत, की त्या घटकेपासून ती त्याचीच समजा. तिला हात लावू नका.

हळदीचा डाग उन्हात जातो, हे चारुशीलेला ठाऊक आहे. तिने मला अजून उन्हात घातलेलं नाही.