शालूच्या डोक्यावरचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी वाडगा आहे. जालन्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले ते कढी वाढण्यासाठी. पण मिशनच्या एका बाईने मला बाजारातून उचलले आणि जाफराबादच्या अलीकडच्या एका खेड्यात, प्रॉटेस्टंट ख्रिस्ती वस्तीच्या पत्र्याच्या देवळात नेऊन ठेवले. तेव्हापासून माझ्यात कढी कधी पडली नाही. पडले ते बाप्तिस्म्याचे पाणी. आजवर एकशे तेरा डोकी माझ्या पाण्याने ओली झाली आहेत. मी प्रत्येक डोके ओळखतो, आणि मोठेपणी त्या डोक्यांत काय काय शिरले तेही मला ठाऊक आहे. म्हणून मी सहसा कोणावर भरवसा ठेवत नाही.

देवळाला कुलूप लागे, पण कुलपावर कोणाचा विश्वास नव्हता. म्हणून मी राहायचो चांगुणाबाईच्या घरी, फळीवर, पालथा. हा मान तिच्या सासूकडून तिच्याकडे आला होता. चिंच लावून ती मला अशी घासायची की पाळकसाहेबांना माझ्यात स्वतःची दाढी दिसावी. मला दुसऱ्या कोणी हात लावला तर ती माझा काठ बोटाने चाचपून बघे. पोचा तर पाडला नाही ना?

मग तिच्या घरात सून आली. प्रेमला. मंठ्याकडची, कॅथलिक.

ती आली त्या दिवसापासून घरात दोन्हीकडून नजर ठेवणे सुरू झाले. प्रेमलाची जपमाळ बिस्किटाच्या डब्यात असे. ती बाहेर गेली की चांगुणाबाई डबा उघडून मणी मोजी, जणू ते वाढले तर घर बुडेल. इकडे प्रेमला संध्याकाळच्या प्रार्थनेत डोळे मिटायची ते अर्धेच. सासू नवऱ्याच्या कानात काय फुंकते आहे, ते दिसायला नको का? नोव्हेंबरच्या दोन तारखेला, कॅथलिकांच्या मृतांच्या दिवशी, प्रेमलाने सासऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावली, तर चांगुणाबाईने ती पदराने विझवली.

"मेला त्याचा निकाल देवापाशी लागला. आता तुझ्या मेणबत्तीनं काय फेरतपासणी होती का?"

"आत्याबाई, मी मामंजींसाठीच मागून राह्यले की!"

"त्याला कमी काय हाय तिथं? का तुमच्या फादरला यादी आलीय?"

चांगुणाबाईचा मुलगा रायभान अशा वेळी बैलांना पाणी दाखवायला जाई. बैलांनाही ते कळून चुकले होते. तहान नसली तरी ते प्यायचे.

खरी गाठ होती ती पुढे. लग्नाच्या वेळी प्रेमलाने फादरला शब्द दिला होता की लेकरे कॅथलिक करीन. आणि चांगुणाबाईने पाळकसाहेबांना शब्द दिला होता की घरातले एकही लेकरू तिकडे जाऊ देणार नाही. एकाच लेकरावर दोन शब्द, आणि लेकरू अजून जन्मालाही यायचे होते.

ते जन्मले दोन हजार तेराच्या दुष्काळात. मुलगी. नाव ठेवले शालोम, हाक मारायची शालू. त्या उन्हाळ्यात गावात पाणी टँकरने यायचे. घरामागे दोन घागरी, त्यातच माणसे आणि त्यातच शेळी. दोन महिन्यांच्या शालूला जुलाब लागले. सकाळी सुरू झाले आणि दुपारपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले. रायभान जीप आणायला जाफराबादच्या रस्त्याने पळाला. प्रेमला सासूच्या पाया पडली.

"पाळक येईस्तोवर थांबू नका, आत्याबाई. मी टाकते पाणी. आमच्यात अशा वेळी कोणीबी टाकलं तर चालतं."

"तुमच्यात चालतं! बाईमाणसानं, घरात, चुलीम्होरं? आमच्यात पाळकाशिवाय न्हाई. अन् पाण्यावाचून लेकरू काय नरकात जातं का? देव काय तलाठी हाय, कागद बघायला?"

प्रेमला रडत रस्त्याकडे धावली, मिळेल ते वाहन थांबवायला. ऊन असे होते की लेकरू बाहेर नेण्याची सोय नव्हती.

घरात उरले तिघे. चांगुणाबाई, मांडीवर शालू आणि फळीवर मी.

पोरीची मान कलली. चांगुणाबाईने तिच्या नाकाशी बोट धरले आणि बराच वेळ काढले नाही. मग ती उठली. मला फळीवरून काढले आणि घागरीत बुडवले. मित्रांनो, त्या उन्हाळ्यात मी काठोकाठ भरलो तो तेवढा एकदाच. खाली परात, परातीवर पोर. तिने तीन नावे घेतली आणि तीन ओंजळी ओतल्या. कंजूष हाताने नाही, धार लागेल अशा. पोर दचकली आणि मांजरीसारखी रडली. परातीतले पाणी चांगुणाबाईने शेळीपुढे ठेवले, कारण भक्ती असली तरी पाणी ते पाणीच. मला पुसले, पालथे घातले, आणि माझ्याकडे असे बघितले की मी बोलेन की काय, असा तिला संशय आला असावा.

जीप आली. दवाखान्यात सलाईन लागले. शालू वाचली.

पुढच्या महिन्यात पाळकसाहेब आले. त्यांच्याकडे अकरा गावे. देवळात सात लेकरे बाप्तिस्म्याला, आणि माझ्यात पाणी किती? कपभर. पाळकसाहेब बोट बुडवीत आणि कपाळावर ओलसर रेघ ओढीत. शालूची पाळी आली तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे विचारले, "याआधी या लेकराचा बाप्तिस्मा झाला आहे काय?"

"न्हाई," चांगुणाबाई म्हणाली.

तिच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नियमाने ती खरे बोलली. पण तिने माझ्याकडे पाहिले नाही. त्या दिवसापासून मी तिला पाण्यात बघू लागलो. माणूस एवढे मोठे काम करते आणि ते लपवते, ते का?

बारा वर्षे गेली. शालू आता सातवी झाली. जालन्याला सिस्टरांच्या वसतिगृहात जायचे ठरले, आणि एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मला आईसंगं मिस्साला बसायचंय. ख्रिस्तप्रसाद घ्यायचाय."

मिस्सा म्हणजे कॅथलिकांची उपासना, आणि तिथला प्रसाद घ्यायचा म्हणजे कॅथलिक व्हायचे. चांगुणाबाईने घास ताटात ठेवला. तिने सुनेकडे पाहिले. "बारा वर्षं दम काढला व्हय गं? आता डाव टाकला."

"मी न्हाई शिकवलं. तिलाच विचारा."

"मीच म्हणून राह्यले, आजे," शालू म्हणाली. पण संशयाला असल्या उत्तराने पोट भरत नाही.

रविवारी दुपारी फादर शालूच्या बाप्तिस्म्याची चौकशी करायला मोटारसायकलवर आले. चांगुणाबाईने आधीच निरोप धाडून मंडळीचे पंच रामकिसन यांना बसवून ठेवले होते, नोंदवही मांडीवर घेऊन. मलाही फळीवरून काढून मधोमध ठेवले होते, पुरावा म्हणून. रामकिसनने बोट ठेवून वाचले, "शालोम रायभान. बाप्तिस्मा पाळकसाहेबांच्या हस्ते. सही, तारीख, सगळं बराबर. आता बोला."

फादर शांतपणे म्हणाले, "तुमच्या मंडळीचा बाप्तिस्मा आम्ही मानतो. एकदा झाला की पुन्हा करत नाही. फक्त एक विचारतो. पाणी वाहिलं होतं का?"

प्रेमला खाली बघत म्हणाली, "मी तिथंच होते, फादर. बोट ओलं होतं. तेवढंच."

"दुष्काळ व्हता!" रामकिसन उसळला. "पाळकसाहेबांनी काय नदी आणायची व्हती?"

"दोष देत नाही. पण पाणी डोक्यावरून वाहिलं नाही, तर आमच्यात शंका राहते. शंका असली की आम्ही सशर्त बाप्तिस्मा देतो. 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो,' असं म्हणून."

"नसेल तर?" चांगुणाबाईचा आवाज चढला. "बारा वर्षं पोरगी माझ्या मांडीवर प्रार्थना म्हणून राह्यली, ती काय 'नसेल तर'च्या भरवशावर?"

आणि मग प्रेमलाचा बांध फुटला. "आत्याबाई, त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर आज शंका राह्यली नसती! मी पाया पडले तुमच्या. लेकरू तसंच गेलं असतं, तर?"

मित्रांनो, मी तेव्हा चांगुणाबाईच्या पायाशी होतो. तिच्या पायाचा अंगठा जमिनीत रुततो आहे, हे मला दिसत होते. गप्प राहिली असती तर पोरीच्या डोक्यावर 'नसेल तर'चे पाणी पडले असते. बोलली असती तर तिच्या मंडळीत तिची अब्रू गेली असती. मी तिच्याविरुद्ध पैज लावायला तयार होतो.

"तसं गेलं नसतं," ती म्हणाली. "मी टाकलं व्हतं पाणी. याच वाडग्यानं."

नोंदवही रामकिसनच्या मांडीवरून घसरली.

"कोणत्या नावानं, आजी?" फादरांनी विचारले.

"पित्याच्या, पुत्राच्या अन् पवित्र आत्म्याच्या. नावाला येक ओंजळ. धार लागली व्हती."

"मनात काय होतं?"

"काय असणार? लेकरू जगावं. अन् न्हाई जगलं तर देवानं तिला ओळखावं."

"साक्षीदार कोण?" रामकिसन म्हणाला. "उद्या कोणीबी उठंल अन् म्हणंल."

साक्षीदार मी होतो. पितळेला तोंड असते, पण जीभ नसते. तेवढ्यात प्रेमला हळू आवाजात म्हणाली, "मी रस्त्यावरून आले तेव्हा पोरीचं झबलं चिंब व्हतं. तुम्ही म्हणलात, ताप उतरावा म्हणून ओलं फडकं ठेवलं. अन् शेळी परात चाटून राह्यली व्हती. मला वाटलं, मी रडून राह्यले अन् हिला शेळीचं सुचतंय. बारा वर्षं मी त्या शेळीवर रागवले व्हते, आत्याबाई."

फादर म्हणाले, "मला एवढं पुरे. तो बाप्तिस्मा पक्का आहे. शर्त नको, काही नको."

"लिहून द्या," चांगुणाबाई म्हणाली. भरवसा तिच्या स्वभावातच नव्हता. फादरांनी कागद काढला आणि जिथे बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव असते तिथे लिहिले: चांगुणाबाई. तिने ते दोनदा वाचून घेतले.

रामकिसनने मला बगलेत मारले. "आमच्यात हे चालत न्हाई, वहिनी. वाडगा आता तुमच्या घरी राहणार न्हाई." तो निघाला तेव्हा तिने माझा काठ बोटाने चाचपला.

पुढचे मला रायभानकडून कळले. तो रामकिसनच्या ओसरीवर सांगत होता. जाफराबादच्या मिस्सात शालू पांढऱ्या झग्यात पुढे गेली. चांगुणाबाई शेवटच्या बाकावर होती. कॅथलिक नसलेल्यांना तो प्रसाद देत नाहीत. शालूने परत येताना विचारले, "आजे, तुझ्या पाण्यावर मला मिळालं, मंग तुला का न्हाई?" आजी म्हणाली, "त्यांना माझं पाणी पटलं, मी न्हाई पटले. बस गप." घरी येताना जीपमध्ये प्रेमलाने तिला खिडकीची जागा दिली. बिस्किटाचा डबा म्हणे आता फळीवर असतो, उघडा. मणी अजून मोजले जातात की नाही, ते रायभानला माहीत नाही.

मी रामकिसनच्या कपाटात पडून हिरवा पडलो. त्याच्या घरी चिंच होती, घासायला हात नव्हता. मग गेल्या महिन्यात त्याच्याच नातवाचा बाप्तिस्मा निघाला. सकाळी त्याने मला चांगुणाबाईच्या दारात आणून ठेवले. "जरा घासून द्या, वहिनी. तेवढंच." तिने घासले, लख्ख. देवळात पाळकसाहेबांनी बोट पुढे केले, तसा रामकिसन त्यांच्या कानाशी लागला. "जरा सढळ हातानं, साहेब. उद्या कोणी शंका काढली तर?"

मी काठोकाठ होतो. धार लागली, पोराच्या कानात गेली, पोर किंचाळले. एकशे तेरावे. मागच्या बाकावर चांगुणाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत, ते मला त्या अंतरावरून दिसले नाही, आणि पाहिल्यावाचून मी काही मानत नाही.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. कोणाचा वाडगा खरा आणि कोणाची वही खरी, हे तुम्ही खुशाल भांडून ठरवा. पण मला पालथा ठेवू नका, हिरवा पडू देऊ नका. आणि लेकराच्या डोक्यावर धराल तेव्हा भरून धरा. शालू माझ्या मोजणीत एकदाच आहे. परातीवरची.